स्नायू फक्त ओढू शकतो: हाडे आणि स्नायू एकत्र कसे काम करतात

शरीरवेध (धागालेखिका)

गेली अनेक वर्षे मी फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवते. आमच्या वर्गाच्या एका कोपऱ्यात हाडांचा सापळा टांगलेला असतो आणि समोरच्या भिंतीवर तांबड्या स्नायूंचा तक्ता असतो. या दोन वस्तू वेगवेगळ्या जागी असल्यामुळे मुलांच्या मनातही त्या वेगळ्याच राहतात: हाडे म्हणजे कोरडा, निर्जीव सांगाडा आणि स्नायू म्हणजे त्यावर चढवलेले मांस. जिवंत शरीरात हाडातून रक्त वाहते, त्याला नसा असतात, आणि त्याचा आकारसुद्धा त्याला जोडलेल्या स्नायूंच्या ओढीवर ठरत जातो. या दोन संस्थांविषयी एकत्र लिहावे, असे फार दिवस मनात होते.

सुरुवात एका साध्या वाक्यापासून करते, कारण पुढचे बरेचसे त्यातूनच निघते. स्नायू फक्त ओढू शकतो. त्याला ढकलता येत नाही. आपण दार ढकलतो तेव्हासुद्धा दंडाच्या मागचा स्नायू कोपराच्या टोकाला मागून खेचत असतो, त्यामुळे कोपर सरळ होते आणि दारावर जोर पडतो तो हाडांच्या ताठपणामुळे. एका बाजूला ओढलेले हाड परत आणायचे, तर विरुद्ध बाजूला दुसरा स्नायू हवा. म्हणूनच स्नायू जोडीने काम करतात. हे वाचता वाचताच पडताळून पाहता येईल. उजवे कोपर काटकोनात वाकवून तळवा टेबलाच्या खालच्या बाजूला टेकवा, डाव्या हाताने उजवा दंड पकडा आणि टेबल वर उचलण्याचा प्रयत्न करा. दंडाची पुढची बाजू दगडासारखी घट्ट लागेल. आता त्याच हाताची मूठ करून ती टेबलावर ठेवा आणि खाली दाबा. पुढची बाजू सैल पडेल आणि मागची घट्ट होईल.

दंडाच्या पुढच्या बाजूचा द्विशिर स्नायू, ज्याला व्यायाम करणारे बायसेप म्हणतात, तो कोपराच्या पुढे जेमतेम ५ सेंटिमीटरवर, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला जोडलेला असतो. तळहात मात्र कोपरापासून साधारण ३५ सेंटिमीटर दूर असतो. आता हातात ५ किलोचे वजन धरा. तरफेच्या हिशेबाने ते तोलून धरायला स्नायूला सातपट, म्हणजे ३५ किलोच्या वजनाइतकी ओढ लावावी लागते, आणि कोपराखालच्या हाताचे स्वतःचे वजन धरले तर आणखी थोडी जास्त. वर ओढणारे ३५ आणि खाली ओढणारे ५, यांतल्या फरकाइतका, म्हणजे सुमारे ३० किलोचा दाब कोपराच्या सांध्यावर पडतो. स्नायूंना उचललेल्या वजनाच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो, हे सतराव्या शतकात इटालियन गणितज्ञ जोव्हान्नी बोरेली (१६०८–१६७९) यांनी मांडले होते. त्याआधी समज उलटा होता. थोड्या जोरात मोठे वजन उचलता यावे म्हणून शरीरात तरफा आहेत, असे मानले जाई.

एवढा जोर खर्चून मिळते काय, तर अंतर आणि वेग. स्नायू १ सेंटिमीटर आखडला की तळहात ७ सेंटिमीटर हलतो. फेकणे, धावणे, झटकन हात मागे घेणे ही सारी कामे याच हिशेबावर चालतात. सांधे आणि हाडे त्याचा भार दिवसभर सोसत असतात.

बोटांची रचना मला सर्वांत सुंदर वाटते. बोटे वाकवणारे आणि सरळ करणारे स्नायू बोटांत नसतातच. जोराची पकड करणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात, नाजूक हालचालींचे छोटे स्नायू तळहातात असतात, आणि बोटांपर्यंत पोहोचतात ते फक्त त्यांचे स्नायुरज्जू, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे पांढरे, चिवट दोर. बोटांवर स्नायूंचे गोळे असते, तर सुईत दोरा ओवणे अवघड झाले असते. तळहात टेबलावर पालथा ठेवून मधले बोट आत दुमडा आणि उरलेली बोटे एकेक करून उचलून पाहा. अंगठा, तर्जनी आणि करंगळी उचलली जातील, पण अनामिका जागची हलणार नाही किंवा अगदी थोडी हलेल. तिला वर ओढणारा रज्जू मधल्या बोटाच्या रज्जूशी आडव्या पट्ट्यांनी जोडलेला असतो, आणि मधले बोट दुमडल्यामुळे तो जागीच धरून ठेवला जातो.

प्रश्न असतील तर जरूर विचारावेत. वेळ मिळेल तसे उत्तर देईन.

तळटीप

लेख आवडला. हाडांची संख्या लेखात आलेली नाही, म्हणून येथे नोंदवतो. प्रौढ माणसात २०६ हाडे धरली जातात. नवजात बाळात ती ३०० च्या आसपास असतात, कारण जी पुढे एकमेकांत मिसळून एक होतात ती तेव्हा सुटी असतात. प्रत्येक हातात मनगटासह २७ आणि प्रत्येक पावलात २६ हाडे, म्हणजे दोन्ही हात आणि दोन्ही पावले मिळून १०६. शरीरातली निम्म्याहून अधिक हाडे या चार ठिकाणीच आहेत.

माझा प्रश्न असा आहे. स्नायू आखडतो असे आपण म्हणतो, पण आत नेमके काय आखडते? रबर ताणून सोडावे तसे काही आहे का? आणि मृत्यूनंतर शरीर ताठ होते ते कशामुळे? स्नायूला ताठ व्हायला शक्ती लागत असेल, तर मृत शरीरात ती कोठून येते?

शरीरवेध

तळटीप, तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते.

स्नायूचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यावर आलटून पालटून फिके आणि गडद पट्टे दिसतात. दोन सेंटिमीटर नव्हे, दोन मिलिमीटर नव्हे, तर मिलिमीटरच्या साधारण चारशेव्या भागाएवढा एक कप्पा, आणि असे हजारो कप्पे एकापुढे एक जोडलेले. प्रत्येक कप्प्यात दोन प्रकारचे धागे असतात: मायोसिनचे जाड आणि ॲक्टिनचे बारीक. पूर्वी पुष्कळांना वाटे की हे धागेच स्प्रिंगसारखे गुंडाळले जाऊन आखूड होत असावेत. १९५४ साली दोन स्वतंत्र जोड्यांनी, ह्यू हक्सली व जीन हॅन्सन आणि अँड्र्यू हक्सली व रोल्फ नीडेर्गेर्के यांनी, एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दाखवून दिले की धाग्यांची लांबी कायम राहते आणि ते एकमेकांत सरकतात. दोन्ही हातांची बोटे समोरासमोर धरून एकमेकांत सरकवावीत, तसे. बोटे आखूड होत नाहीत, पण दोन मनगटांमधले अंतर कमी होते. यातले दोन्ही हक्सली एकमेकांचे नातेवाईक नव्हते, हेही जाता जाता सांगते, कारण विद्यार्थी हे हमखास विचारतात.

सरकवण्याचे काम मायोसिनच्या धाग्यांवरची असंख्य छोटी डोकी करतात. डोके ॲक्टिनला पकडते, मान वाकवून त्याला थोडे ओढते, सोडते आणि पुढची जागा पकडते. पकडण्याची परवानगी कॅल्शियम देते: मज्जातंतूचा संदेश आला की तंतूतल्या पिशव्यांमधून कॅल्शियम बाहेर पडते आणि ॲक्टिनवरच्या झाकलेल्या जागा उघड्या होतात. संदेश थांबला की कॅल्शियम परत पिशव्यांत भरले जाते आणि स्नायू सैल पडतो. या सगळ्याला लागणारे इंधन म्हणजे एटीपी.

आता मृत्यूनंतरच्या ताठरपणाकडे येते. एटीपीचा रेणू येऊन चिकटल्याशिवाय मायोसिनच्या डोक्याला आपली पकड सोडताच येत नाही, म्हणजे इंधन सुटण्यासाठीही लागते. मृत्यूनंतर एटीपी तयार होणे थांबते, कॅल्शियम पिशव्यांमधून गळते, डोकी ॲक्टिनला पकडतात आणि तशीच अडकून राहतात. हा ताठरपणा काही तासांत सुरू होतो, साधारण बारा तासांत पूर्ण होतो, आणि पुढच्या एकदोन दिवसांत प्रथिनेच विघटित होऊ लागल्याने ओसरतो. त्यात नवी शक्ती कोठूनही आलेली नसते. सोडण्यापुरतीही शक्ती उरलेली नसते.

धागे सरकतात, याचा पुरावा स्वतःच्या हातावरही घेता येतो. मनगट सरळ ठेवून एखादी पेन्सिल मुठीत आवळून धरा आणि दुसऱ्या कोणाला ती ओढायला सांगा. ती सहज निघणार नाही. मग मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवून तेच करा. पकड चटकन ढिली पडते. मनगट वाकल्याने बोटे वळवणारे स्नायू आधीच आखूड झालेले असतात, धागे एकमेकांत फार आत गेलेले असतात आणि आणखी सरकायला जागा उरत नाही. शिवाय हाताच्या मागच्या बाजूचे स्नायू ताणले जाऊन बोटे उघडायला लागतात. घट्ट पकड करताना आपण नकळत मनगट किंचित मागे झुकवतो, ते यासाठीच.

अनुस्वार

व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येतात, त्याला स्नायूंत साठलेले लॅक्टिक ॲसिड कारण असते, असे आम्हाला शिकवले गेले होते. धागे सरकण्याच्या या चित्रात ते कोठे बसते?

शरीरवेध

ते बसत नाही, आणि हा समज इतका पक्का रुजला आहे की तो अजूनही खोडावा लागतो. जोरदार व्यायामात लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचेच शरीरातले रूप, वाढते हे खरे, पण व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात ते पूर्वपदावर येते. दुखणे मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि दोनतीन दिवस टिकते.

याचे कारण समजून घ्यायला डोंगर चढणे आणि उतरणे यांची तुलना करावी. चढताना दम अधिक लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे. उतरताना मांडीच्या पुढचा स्नायू ओढत असतो आणि त्याच वेळी शरीराच्या वजनामुळे लांब होत असतो. तो गुडघ्याला एकदम दुमडू न देता सावकाश सोडत जातो. पकडून ठेवलेले धागे बळजबरीने ताणले जाण्याच्या या कामात काही कप्पे सूक्ष्म प्रमाणात फाटतात. त्यांच्या दुरुस्तीसाठी सूज येते आणि तिच्यामुळे दुखते. तोच उतार पुन्हा काही दिवसांनी उतरलात तर दुखणे बरेच कमी असेल, कारण स्नायूने स्वतःत बदल केलेला असतो.

सायंतारा

मागच्या वर्षी पाय घसरून माझे डावे मनगट मोडले आणि सहा आठवडे प्लास्टर होते. प्लास्टर कापले त्या दिवशी हात पाहून मला रडू आले. तो माझा हातच वाटत नव्हता. कातडी कोरडी, आणि कोपराखालचा भाग उजव्या हाताच्या मानाने चांगलाच बारीक. स्नायू वापरले नाहीत म्हणून बारीक झाले, हे समजू शकले. पण डॉक्टरांनी एक्स-रे पाहून हाडेही थोडी विरळ झाली आहेत असे सांगितले, ते आजपर्यंत कळलेले नाही. हाड तर जुळत होते. मग ते त्याच वेळी विरळ कसे झाले?

शरीरवेध

सायंतारा, या चर्चेत मला जे सांगायचे होते त्याच्या मुळाशी तुमचा प्रश्न जातो.

हाड एकदा बांधून झाले की संपले, असे होत नाही. त्यात एका प्रकारच्या पेशी जुने हाड पोखरत असतात आणि त्यांच्या मागोमाग दुसऱ्या प्रकारच्या पेशी नवे हाड रचत येतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दर वर्षी असा बदलला जातो. रचायचे कोठे आणि पोखरायचे कोठे, हे ठरवण्यात तिसऱ्या प्रकारच्या पेशींचा मोठा हात असतो. त्या हाडाच्या आतच छोट्या पोकळ्यांत बंदिस्त असतात आणि केसांहून बारीक नलिकांमधून हात पसरून एकमेकींशी जोडलेल्या असतात. हाडावर भार पडला की ते अगदी किंचित वाकते, नलिकांमधले द्रव हलते आणि या पेशींना ते जाणवते. जेथे भार येतो तेथे हाड राखले जाते, जेथे येत नाही तेथे काढून घेतले जाते.

तुमचे मनगट जुळत होते तेव्हा मोडलेल्या जागी आधी रक्ताची गाठ, मग मऊ सांधण आणि मग कठीण सांधण तयार होत होते. पण आजूबाजूच्या हाडांवरचा स्नायूंचा ओढा सहा आठवडे जवळजवळ थांबला होता. हाडावर येणाऱ्या भाराचा मोठा वाटा स्नायूंच्या ओढीचा असतो, हे पहिल्या पोस्टमधल्या ३५ किलोंच्या हिशेबावरून लक्षात येईल. तो गेला, आणि त्या पेशींनी हाड कमी केले. जुळणे आणि विरळ होणे ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू होती, यात विसंगती नाही.

१८६० च्या दशकात झुरिकमध्ये हेरमान फॉन मेयर हे शरीररचनातज्ज्ञ मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा उभा छेद दाखवत होते. तेथे हाड भरीव नसून जाळीदार असते, आणि त्या जाळीच्या कमानी ठरावीक दिशांनी जातात. कार्ल कुलमान या अभियंत्याने त्या पाहिल्या आणि वजन उचलणाऱ्या क्रेनच्या वाकड्या मानेत ताण आणि दाब ज्या रेषांनी जातात त्यांच्याशी त्यांचे साम्य त्यांच्या लक्षात आले. पुढे १८९२ साली जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी भाराप्रमाणे हाडाची रचना बदलते, हा नियम मांडला. त्यातले गणित आज जसेच्या तसे मानले जात नाही, पण मूळ विचार टिकला आहे. टेनिसपटूंच्या खेळणाऱ्या हाताचे दंडाचे हाड दुसऱ्या हाताच्या हाडापेक्षा जाड भरते. अंतराळात राहणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडांतून महिन्याला १ ते १.५ टक्के खनिज कमी होते, आणि ते भरपूर व्यायाम करत नसतील तर ही घट थोपवणे कठीण जाते.

काढून घेतलेले कॅल्शियम रक्तात जाते. शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते, आणि उरलेल्या एका टक्क्यावर हृदयाचे ठोके, मज्जातंतूंचे संदेश आणि वर सांगितलेली स्नायूंची पकड चालते. रक्तातले प्रमाण जरा घसरले तरी मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून ते काढायला लावतात. ज्या कॅल्शियमवर स्नायू चालतो ते हाडात साठवलेले असते, आणि ज्या ओढीवर हाड टिकते ती स्नायू देतो.

हात आता कसा आहे, ते कळवावे. व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू स्नायूतले अधिक तंतू कामाला लावू लागल्यामुळे; जाडी त्यानंतर सावकाश येते. म्हणून हात अजून बारीक दिसत असला तरी पकड सुधारलेली असू शकते.

सायंतारा

अगदी तसेच झाले. बाटलीचे झाकण चौथ्या आठवड्यात उघडता येऊ लागले, पण मोजपट्टीने मोजले तर दोन्ही हातांतला फरक पाच महिन्यांनी गेला. तोपर्यंत मला वाटत होते की मोजण्यात माझीच चूक होत आहे.

पायवाट

शरीरवेधताई, एक व्यावहारिक शंका आहे. माझ्या वडिलांचा उजवा खुबा झिजला आहे आणि डॉक्टरांनी काठी वापरायला सांगितली आहे. ते ती उजव्या हातात धरतात, कारण दुखते ती बाजू उजवी. शेजारच्या एका आजोबांनी डाव्या हातात धरा असे सांगितले, ते आम्हा सर्वांना उलटे वाटले. शिवाय चालताना ते उजव्या पायावर येताच अख्खे अंग उजवीकडे झुकवतात. ते सवयीने होते की दुखण्यामुळे?

शरीरवेध

आजोबांचे बरोबर आहे. काठी डाव्या हातात हवी, आणि याचेही कारण तरफच आहे.

चालताना प्रत्येक पावलाला काही क्षण आपण एका पायावर उभे असतो. वडील उजव्या पायावर उभे असतात तेव्हा शरीराचे वजन उजव्या खुब्याच्या डाव्या बाजूला असते आणि ते कंबर डावीकडे खाली पाडू पाहते. ती पडू नये म्हणून उजव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू तिला उजवीकडून खाली खेचून धरतात. हे स्नायू सांध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर ओढतात आणि वजन त्याच्या दुपटीहून अधिक अंतरावर असते, म्हणून त्यांना शरीराच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट जोर लावावा लागतो. वजन आणि स्नायूंची ओढ दोन्ही मिळून सांध्यावर येतात. एका पायावर नुसते उभे राहिले तरी खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट दाब पडतो. झिजलेल्या सांध्याला त्रास होतो तो मुख्यतः स्वतःच्या स्नायूंच्या या ओढीचा.

काठी डाव्या हातात धरली की ती उजव्या खुब्यापासून जवळजवळ अर्धा मीटर दूर टेकते आणि कंबर डावीकडे पडू देत नाही. अंतर स्नायूच्या नऊदहा पट असल्याने, निव्वळ कागदावरच्या हिशेबात, काठीवर टाकलेला प्रत्येक किलो स्नायूची नऊदहा किलोंची ओढ वाचवतो. प्रत्यक्ष चालताना लाभ याहून कमी मिळतो, पण तो लक्षात येण्याइतका असतो. उजव्या हातातली काठी सांध्याच्या अगदी जवळ टेकते, त्यामुळे तरफेचा हा फायदा तिला जवळपास मिळतच नाही.

अंग उजवीकडे झुकवणे ही वाईट सवय नाही. झुकल्याने शरीराचे वजन सांध्याच्या जवळ येते, त्याचे अंतर कमी होते आणि स्नायूंना कमी ओढावे लागते. कोणी न शिकवता शरीराने केलेला तो उपाय आहे. त्याचा ताण मात्र पाठीच्या कण्यावर येतो. म्हणून त्यांना सरळ चाला असे सांगत राहण्यापेक्षा काठीची बाजू बदलावी. काठी आणि उजवे पाऊल एकाच वेळी पुढे पडले पाहिजे. हात सैल सोडून उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीवर यावी. काठीची उंची आणि चाल एकदा त्यांच्या फिजिओथेरपिस्टकडून पाहून घ्यावी.

पायवाट

तीन आठवड्यांनी कळवत आहे. पहिले दोनतीन दिवस त्यांची चाल फार अडखळत होती. डावा हात काठी पुढे टाकायचा आणि पाऊल मागेच राहायचे. मग मी शेजारून काठी, पाऊल, काठी, पाऊल असे म्हणत चाललो आणि ते जमले. काठी दोन बोटे उंच निघाली, ती कापून घेतली. काल दाराशी उभे राहून मी त्यांना पूर्ण व्हरांडा चालत येताना पाहिले. उजवा खांदा पूर्वीसारखा प्रत्येक पावलाला खाली जात नव्हता. शेवटच्या चारपाच पावलांत, थकल्यावर, तो थोडा झुकू लागला. पूर्वी मी लगेच त्यांना सरळ चाला म्हणालो असतो. काल खुर्ची पुढे केली.